तळीतला ताग

मामीचा फोन आला तेव्हा मी कणकवलीत दुकानाचं शटर वर करत होतो. "तुझे मामा गेले रे झिला... चाय पितां पितांच गेले. बेगीन ये. आणि आयक, ताग अजून तळीत आसा." दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, नवरा गेला आणि या बाईला ताग कसला सुचतोय! मला नवल वाटलं नाही. तीन वर्षं त्या घरात दुसरा विषयच नव्हता. मोटारसायकलला किक मारताना डोळे भरून आले होते, आणि तरी डोक्यात हेच, की ताग आज निघाला नाही तर गेला.

दाजीमामा म्हणजे तोंडवलीचा माझा सख्खा मामा. सगळा जन्म रापणीत गेला. जाळं समुद्रात सोडायचं आणि दोन्ही बाजूंचे दोर किनाऱ्यावरून गावाने मिळून ओढायचे. आता ते दोर नायलॉनचे. मामाच्या वडिलांच्या वेळी मात्र तागाचे असत, आणि भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर तो ताग घरच्याच शेतात पिके. एका संध्याकाळी मामाने सगळ्या रापणकरांसमोर जाहीर केलं, "आमच्या शेतातल्या तागाचो दोर रापणीक लावन दाखयतलंय. एकदा तरी!" त्याचा जिवलग बाबल म्हणाला, "दाजी, त्या दोरान रापण ओढूची, काय बकरी बांधूची?" सगळा किनारा हसला. झालं! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशातला आमचा मामा.

पहिल्या वर्षी त्याने बी विरळ टाकलं. रोपांना मोकळा वारा मिळावा म्हणे! मोकळीक मिळाल्यावर ताग कशाला सरळ वाढतोय? कमरेएवढा झाला आणि चहूकडे फांद्या फुटल्या. वाख, म्हणजे सालीतला धागा, निघायचा तो वीतभर. मामाने कोवळा होता तोवरच कापला आणि पेंढ्यात मिसळून थोडा थोडा म्हशीला घातला. म्हैस खूश, मामी खूश. दुसऱ्या वर्षी पेरणी दाट केली. रोपं उजेडासाठी एकमेकांशी चढाओढ करत सरळसोट वर गेली, आणि फुलं येईपर्यंत मामाने विळा लावला नाही. मग कापून पेंढ्या बांधल्या आणि... खाडीत नेऊन पुरल्या! नारळाची सोडणं आम्ही खाडीच्या खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजत घालतो, तेव्हा काथ्या सुटतो. ताग तर त्याहून मऊ, पण हात सवयीचे, तोही तितकेच दिवस ठेवला. मामाने पेंढ्या उपसल्या तेव्हा हाताला नुसता चिखल लागला. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन शेताच्या कडेला गोड्या पाण्याची तळी खणायला लागला.

यंदाचं पीक काय सांगू! मी गेलो तेव्हा पिवळ्या फुलांखाली मामा दिसतच नव्हता, नुसता हात वर आलेला. "बघ रे, माका बुडयल्यान!" असा ओरडत होता, जणू लॉटरी लागली. पेंढ्या तळीत गेल्यावर रोज एक काडी काढून साल सोलून बघायचा. शेंड्यापर्यंत अखंड सुटली की त्याच दिवशी पेंढ्या बाहेर. एक दिवस उशीर झाला की वाख गेलाच म्हणून समजा.

तो दिवस मामाच्या जाण्याचाच निघाला. घराला सुतक, कामाला हात लावायचा नाही. स्मशानातून परतताना मी बाबलला बाजूला घेऊन तागाचं सांगितलं. तो तडक तळीकडे वळला, एक काडी काढली, साल ओढली. सरसरत शेंड्यापर्यंत आली. त्याने मागे वळून सगळ्यांना हाक घातली, "आंघोळ करूचीच आसा मां? मगे हयच करूया!" आणि अख्खी रापण त्या कुजक्या पाण्यात उतरली. रडत, शिव्या देत, नाक धरत त्यांनी पेंढ्या बाहेर काढल्या आणि धुतल्या. आंघोळीआधी बरे होते, अशी दुर्गंधी सगळ्यांना सुटली. मामी दारातून बघत होती. सकाळपासून कोरडी बसलेली ती बाई तेव्हा रडली, आणि मला फार बरं वाटलं.

पुढे काही आठवडे बाबलच्या अंगणात दोर वळला गेला आणि गेल्या रविवारी तो रापणीला लागला. मीही धरला. जाळं जड आलं तसा दोर करकरला, सगळे श्वास रोखून... तुटला नाही! बाबलने सवयीने मागे न बघताच आरोळी दिली, "दाजी, वड रे!" क्षणभर सगळे हात थांबले. मग वाळूत बसलेली मामी उठली, पदर खोचला, मामाच्या जागेवर येऊन तिने दोर धरला आणि म्हणाली, "वडा!"

दोर आता पडवीतल्या खुंटीवर आहे, मामाचा सदरा असायचा तिथे. बाबलने परवा मुद्दामच विचारलं, बकरी बांधायला देतेस का? मामीने त्याला चहा दिला, दोर दिला नाही. खुंटीखाली बियाण्याची पिशवी टांगलेली होती. मामी माझ्याकडे बघून म्हणाली, "भात कापल्यार येतलस मां रे? दाट पेरूचा आसा."