तेल लावलेले गज

जालन्यात, कुंडलिकेच्या काठी कादराबादेत राहणारा गयासोद्दीन सारंगी वाजवायचा. त्याचा भाचा मुनीर दुसरी सारंगी धरायचा, धर्मराजकडं दिलरुबा होता, आणि पुंजारामकडं फिडल. ते तो छावणीतल्या एका म्हाताऱ्या बँडवाल्याकडून शिकला होता. चारही वाद्यं गजानं वाजणारी, म्हणून लोक या ताफ्याला ‘चौगजी’ म्हणत. गाणारा न्हाई, तबला न्हाई. पहिल्यांदा ऐकायला आलेला माणूस हमखास विचारी, “गाणारा कवा येणार?” आणि घटकाभरानं तोच डोळे मिटून बसलेला दिसे.

वाटूरकडच्या एका जहागीरदाराची जालन्यात देवडी होती, म्हणजे मोठा वाडाच. तिथं चौगजी सतरा वर्षं वाजली. थोरला जहागीरदार जुन्या चिजांचा शौकीन. तो गेल्यावर गादीवर आलेल्या मुलाला बोलपटातल्या नव्या चाली लागत. गयासोद्दीन दोन्ही बसवायचा. त्याच्या नखांच्या मुळाशी तारा घासून घट्टे पडले होते, आणि त्यांचा त्याला मोठा अभिमान.

एका भादव्यात त्याला हिवतापानं धरलं. कोयनेलच्या गोळ्यांनी ताप उतरला, पण कान गेले. महिनाभर त्यानं हे बायकोलाही सांगितलं नाही. पुंजारामच्या मात्र पहिल्याच दिवशी ध्यानात आलं.

“गयासभाई,” त्यानं समोर बसून, ओठ नीट हलवत विचारलं, “तुम्हाला ऐकू येऊन न्हाई राह्यलं ना?”

गयासोद्दीनच्या डोळ्यांत पाणी आलं. पुंजाराम म्हणाला, “कुणाला बोलू नका. मी हाय.”

तेव्हापासून वाजवण्याआधी पुंजाराम गुपचूप त्याची सारंगी लावून देई आणि वाजवताना समेवर गुडघा हलवी. गयासोद्दीन तिघांच्या गजांवर नजर ठेवून वाजवायचा. सारंगी छातीला टेकली की हाडातून थोडा गुंजारव कळायचा. तेवढ्यावर त्यानं दोन वर्षं काढली.

मुनीरला पुढची जागा हवी होती. एक दिवस त्यानं जाऊन जहागीरदाराला सांगितलं, “सरकार, मामू बहिरे झालेत.”

जहागीरदार रागावला नाही. खूश झाला. त्यानं मुनीर, धर्मराज आणि पुंजारामला बोलावून घेतलं आणि ईदेच्या जलशासाठी एक हुकूम दिला.

ईदेच्या दुपारी जेवणं झाली, पाहुणे लोडांना टेकले. गयासोद्दीननं सुरुवात केली. तिघांचे गज बराबर हलत होते. पुंजारामचा गुडघाही समेवर हलत होता. आलाप संपवून गयासोद्दीन चिजेवर आला तेव्हा समोरची माणसं मागं रेलून तोंडं उघडत होती, मांड्यांवर थापा मारत होती. इतकी दाद त्याला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. तो आणखी रंगला. चीज संपली तसा तो उठला आणि वाकून त्यानं तीनदा सलाम केला. त्यावर एका पाहुण्याला हसता हसता ठसका लागला.

चीज चांगली झाली की भाच्याचा गज हातात घेऊन पाठीवर थाप द्यायची, ही गयासोद्दीनची जुनी रीत. त्यानं मुनीरचा गज घेतला. बोटं बुळबुळीत झाली. गजाला राळ असते, ती हाताला चिकटते. हे तेल होतं. त्यानं वास घेतला. करडीचं तेल. तेल लावलेला गज तारेवरून नुसता घसरतो, आवाज निघत नाही. त्यानं धर्मराजचा गज चाचपला. मग पुंजारामपुढं हात केला. पुंजाराम गज देईना. गयासोद्दीन हात पुढं करून उभाच राहिला, तेव्हा त्यानं दिला. त्यालाही तेल होतं.

इतका वेळ गयासोद्दीन एकटाच वाजवत होता. त्यानं आपल्या सारंगीवर बोट फिरवलं. दोन तारा ढिल्या होत्या. त्याही लावून देणाऱ्या पुंजारामनंच मुद्दाम उतरवून ठेवल्या होत्या.

“याला काढायचं न्हाई,” जहागीरदार पाहुण्यांना म्हणाला. “दर ईदेला हाच खेळ ठेवू.” ते ओठ गयासोद्दीनला बिलकुल स्पष्ट वाचता आले.

तो परत गेला नाही. चार दिवसांनी देवडीचा माणूस दारात आला. खेळाला ये, न्हाईतर सारंगी दे. सारंगी देवडीची होती, थोरल्यानं दिलेली. गयासोद्दीननं खोळ बांधून ती त्याच्या हातात ठेवली. त्या दिवसापासून हाडातला गुंजारवही गेला.

मग तो शेळीच्या आतड्यांची तात वळू लागला. सारंगीची तात वळायचं अंगवळणी होतंच. आता ती पिंजाऱ्यांच्या धनुकलीला जाई. घरात, कपड्यांत, अन्नात तो वास भरला. बायको, खैरुनबी, वेगळ्या कोपऱ्यात निजू लागली.

पुंजाराम दर शुक्रवारी यायचा. समोर बसून बोलायला लागायचा. “गयासभाई, हुकूम होता. पोरं हायेत मला...” एवढं वाचून गयासोद्दीन तोंड भिंतीकडं फिरवायचा. पुंजाराम फिरून पुढं आला की हा पुन्हा फिरायचा. बहिऱ्या माणसाला शिक्षा द्यायला एवढंच पुरतं. खैरुनबी एकदा चिडून त्याचा खांदा हलवत म्हणाली, “अल्लाचं भेव धरा, म्हातारा रडायलाय.” त्यानं डोळेच मिटून घेतले. आठ वर्षं हे चाललं.

मग पुंजाराम पटकीत गेला. त्याची बायको झुंबरबाई सांगायला आली तेव्हा गयासोद्दीन तात वळत होता. पुंजारामनं बायकोला पाठवलंय, असं समजून त्यानं पाठ फिरवली. झुंबरबाईनं पाठीलाच सांगितलं आणि ती गेली. खैरुनबी माहेरी शहागडला होती. तिसऱ्या दिवशी ती आली, तेव्हा त्याला कळलं. तोवर राखही सावडून झाली होती.

तो पुंजारामच्या घरी गेला. झुंबरबाईनं ओट्यावर पाण्याचा तांब्या ठेवला आणि उंबऱ्याआड बसून ती बोलायला लागली. पुष्कळ वेळ बोलली, मधे हुंदके दिले, मधे हात उगारला. पण तिनं पदर तोंडावर घेतला होता. पदर बाजूला कर, असं त्या बाईला सांगायचं कसं? तो मान हलवत राहिला.

घरी खैरुनबीनं हाताच्या खुणेनं विचारलं, “काय बोलली?”

“पाणी दिलं,” गयासोद्दीन म्हणाला, आणि भिजत घातलेली आतडी काढायला बसला.