बॅटरी हाय तवर

संपतरावांचा फोन आला तेव्हा मी वर्गात पोरांना लॅपटॉपची बॅटरी कशी जपावी हेच सांगत होते. हे मी लेखासाठी जुळवून आणलंय असं कुणाला वाटेल, पण बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला माझा कॉम्प्युटर क्लास आहे आणि प्रत्येक नव्या बॅचपुढे हे पुराण मला लावावंच लागतं. बॅटरी एका दिवसात मरत नाही, प्रत्येक वेळी भरताना आणि रिकामी होताना ती कणाकणानं कमी होत जाते, वरून शंभर टक्के दाखवते पण ते शंभर पहिल्यासारखे राहिलेले नसतात... इथवर आले होते. संपतराव म्हणाले, "ताई, शोभा गेली सकाळी." मी म्हणाले, "बरं." आता माणूस गेल्यावर कुणी 'बरं' म्हणतं का? पण मी म्हणाले. मग फळ्याकडे वळून अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं, फळा पुसला, आणि मगच खुर्चीत बसले. त्यानंतर मला उठता येईना, तेव्हा पोरांनीच आपापली दप्तरं आवरली आणि चपलांचा आवाज न करता निघून गेली.

शोभा आणि मी कन्हेरीच्या. शाळेत एका बाकावर, पुढे बारामतीच्या कॉलेजात एका एसटीत. ती नाटकं लिहायची आणि मी त्यांत काम करून ती पाडायचे, अशी आमची वाटणी होती. संपतरावांशी लग्न होऊन ती इंदापूर तालुक्यात बावड्याला गेली. ऊस, डाळिंबाची बाग, गोठ्यात म्हशी, आणि घरात सासू. सासूला ती आत्या म्हणायची, म्हणून मीही आत्याच म्हणते. मुलं शिकायला बाहेर पडल्यावर तिला पुन्हा लिहायची हुक्की आली. गावातल्या शाळेच्या मुलींना स्नेहसंमेलनात तीच ती सिनेमाची गाणी नाचायला लावतात याचा तिला राग होता. माझ्या क्लासमधला एक वापरलेला लॅपटॉप मी तिला दिला. "मोबाईलवर लिही की," असंही आधी सुचवून पाहिलं होतं. ती म्हणाली, "मोबाईल म्हंजी घरच की गं. ते हातात धरून मी कुठं जाऊ?"

पहिले काही दिवस ती घरात प्लगाजवळ बसून लिहायची. म्हणजे लिहायची नाही, उठायची. कुणाला पाणी, कुणाला चहा, कुणी फवारणीचं औषध कुठं ठेवलंय विचारायला यायचं. एका दुपारी तिनं वायर उपसली, लॅपटॉप काखोटीला मारला आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीकडे चालू लागली. आत्यांनी ओट्यावरून विचारलं, "कवा येशील?" ही म्हणाली, "बॅटरी संपली की." "आन ती कवा संपती?" "ते तिलाच ठावं." झालं, एवढ्या बोलण्यावर त्या घरात कायदा झाला. आत्या शिस्तीच्या बाई. एकदा ठरलं की ठरलं. बॅटरी हाय तवर शोभाला हाक मारायची नाही, हे त्यांनी मुलाला, गड्यांना, शेजारणींना असं काही बजावलं की पाहुणा आला तरी त्या स्वतः चहा ठेवायच्या आणि सांगायच्या, "सूनबाई बॅटरीवर हाय." पाहुण्यांना वाटायचं, सूनबाईला काहीतरी आजार आहे!

तेव्हा ती बॅटरी धडधाकट होती. भांडी आवरून गेलेली शोभा धारा काढायच्या वेळेला परत यायची. त्या मोटारीच्या खोलीत तिनं काय काय लिहिलं! माझं आवडतं म्हणजे आपल्या दुधाला फॅट कमी का लागलं याचा जाब विचारायला स्वतःच डेअरीत येणाऱ्या म्हशीचं नाटक. शाळेच्या पटांगणात ते झालं तेव्हा म्हैस झालेली मुलगी टेबलावर शिंग आपटून बोलली आणि आत्या पहिल्या रांगेत पदर तोंडाला लावून हसत होत्या. नाटक संपल्यावर मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "आमच्या बॅटरीवाल्या बाईनं लिव्हलंय."

पण ती खोली पत्र्याची. उन्हाळ्यात मी एकदा गेले तर आत भट्टी पेटली होती. लॅपटॉपच्या बुडाला हात लावला आणि झटकन काढला. "अगं, उष्णतेनं बॅटरी जाते," मी चिडून म्हणाले. "याच्याइतका तिला दुसरा वैरी नाही. वर्गात घसा कोरडा करून सांगते मी." ती शांतपणे म्हणाली, "मग मी कुठं बसू?" संपतराव भला माणूस, त्यांनी खोलीत घरगुती लाईटचा प्लग काढून द्यायची तयारी दाखवली होती. तिनं नको म्हटलं. प्लग आला की बॅटरी संपायची नाही, आणि संपायची नाही म्हटल्यावर कुणीही कधीही हाक मारणार, हे तिचं गणित.

बॅटरी झिजत गेली. मूळ कंपनीनं ती बनवायची बंद केली होती. मी पुण्याहून एक दुसरी मागवली, ती एका उन्हाळ्यात पोट फुगून बसली, म्हणून पुन्हा जुनीच घातली. आता धारांच्या वेळेच्या खूप आधी शोभा घरात दिसू लागली. पुढे तर भाताचा कुकर निवायच्या आत ती परत आलेली असायची. एकदा मी म्हणाले, "सरळ सांग ना आत्यांना, बॅटरी खराब झालीय, मला घड्याळ लावून वेळ द्या." ती माझ्यावर उखडली. "येडी हायस का? घड्याळ लावलं की वेळ कशाला पायजे ते सांगावं लागतं. मग आज जरा लवकर ये, आज जाऊ नगंस... माणसाशी हुज्जत घालता येती. बॅटरीशी कोण घालणार? तू आत्यांना एक अक्षर बोलायचं न्हाय." मी शब्द दिला. त्याच मुक्कामात आत्या मला वाटाणे सोलता सोलता समाधानानं म्हणाल्या, "आता बरी लवकर येती घरात. जीव लागला पोरीचा घराला." मी मान खाली घालून वाटाणे सोलत राहिले. फार वाईट वाटलं मला. त्या बाईचा आनंदही खरा होता, हे जास्त वाईट.

मग शोभाच्या किडन्या गेल्या. डायलिसिसला ती बारामतीला यायची, त्यानंतर माझ्याकडे पडायची. पहिल्याच वेळी हसून म्हणाली, "मला बी आता चार्जरला लावत्यात. पर शंभर काय भरंना." मी तिच्यावर ओरडले, आणि स्वयंपाकघरात जाऊन रडून आले. दवाखान्यात तिच्या पलंगाशेजारी प्लग होता. मी मुद्दाम तिचा लॅपटॉप आणून त्याला जोडून दिला. म्हटलं, आता लिही बाई, वायर आहे, वेळ आहे, कुणी हाक मारणारं नाही. ती पडद्याकडे बघत राहिली. नळ्या लावलेला हात तसाच ठेवून दुसऱ्या हातानं एक ओळ लिहिली आणि पुसली. "सुचंना गं," म्हणाली. "हितं संपायची भीतीच न्हाय. तितं कसं, आता जाईल मग जाईल करत भराभरा यायचं..." नंतर तिनं लॅपटॉप मिटवला आणि म्हशींना कोण पाणी दाखवत असेल याची काळजी करत बसली. आमची शेवटची नीट भेट ती. त्यानंतर भेटली ती शुद्धीत नव्हती.

दिवसकार्याला गर्दी होती, बोलणं झालं नाही. काही आठवडे गेल्यावर मी बावड्याला गेले. संपतराव ओट्यावर होते, एकदम म्हातारे दिसायला लागलेत. म्हणाले, "आई तितं बसली आसंल, मोटारीच्या खोलीत. रोज दुपारची जाती. रात्री आठवणीनं ते चार्जिंगला लावून ठेवती आन दुपारी घेऊन जाती. आमाला हाक मारू देत न्हाय."

शोभा लिहायला ज्या पोत्यावर बसायची त्याच पोत्यावर आत्या बसल्या होत्या. पुढ्यात उघडा लॅपटॉप. त्यांना वाचता येत नाही, चालू करायचं बटण तेवढं कुणीतरी दाखवलेलं. पडद्यावर नातवंडांचा फोटो होता, त्याकडे त्या बघत होत्या. मी शेजारी टेकले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि आम्ही काही बोलणार, तेवढ्यात पडदा काळा झाला.

"हे बघ, रोज असंच करतंय," त्या म्हणाल्या. "बसले न बसले की विझतंय. मी काय चुकीचं दाबतीय का गं?"

"नाही आत्या. बॅटरी झिजलीय."

"कवापास्नं?"

शोभाला दिलेला शब्द मला आठवला, पण आता तो कुणासाठी पाळायचा? "बरीच वर्षं झाली," मी म्हणाले.

बाहेर पाटाला पाणी सुटलेलं ऐकू येत होतं. "म्हंजी ती लवकर घरात यायची ती..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मी मान हलवली. "आन मला वाटायचं, तिला आमी गोड लागाया लागलो." मग पदरानं डोळे न पुसता, जरा रागानंच म्हणाल्या, "मला सांगायचं हुतं की. विझलं तरी बस म्हणले आसते मी. मला काय त्यातलं कळतंय? घरात तरी कुणाला कळलं आसतं?"

तेवढ्यात संपतरावांची घराकडून हाक आली, "आई, इंदापूरचं पाव्हणं आल्यात. येतीस का?"

आत्या उठू लागल्या, आणि पुन्हा खाली बसल्या. काळ्या पडलेल्या लॅपटॉपवर त्यांनी तळवा ठेवला, म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि दाराकडे तोंड करून खणखणीत आवाजात सांगितलं,

"थांब म्हणावं त्यास्नी. बॅटरी हाय अजून."