गिटारला बसवलेली हैदराबादी डबी

हसणार नसाल तर सांगतो. हसायचंच असेल तर आधी चहा संपवा. मधेच कुणी फिदीफिदी केलं की माझं डोकं सणकतं, मग कपबशी कुठं जाऊन पडेल ह्याची गॅरंटी मी देत नाही. आमच्या सुमनला विचारा. आमची मिसेस. तिनं माझ्यासाठी म्हणून स्टीलचे कप आणून ठेवलेत.

तर ऐका. त्या दिवसांत सगळ्या गंगाखेडात इलेक्ट्रिक गिटार एकच होती, आणि ती माझी होती! नांदेडच्या एका माणसाकडून जुनी घेतलेली, लालभडक. बस्स, एवढ्या भांडवलावर शिवलिंगअप्पांनी मला ऑर्केस्ट्रात घेतलं. अप्पांचं बाजारात कापडाचं दुकान. गळ्यात लिंग, कपाळाला भस्माचे पट्टे, आणि वेड ऑर्केस्ट्राचं. वाजवता येतं का, असं त्यांनी विचारलंच नाही.

"काश्या, गिटार तुझी सोताची हाय ना?"

"हां अप्पा."

"मग उद्यापासून ये."

गिटारच्या तारा जुन्याच होत्या, गंजलेल्या. आठवड्याभरात पटापट तुटल्या. आता गंगाखेडात गिटारच्या तारा कुठल्या मिळायला? पण भजनी सामानाचं दुकान होतं. आमच्याकडं घरटी एक भजनी माणूस, त्यामुळं वीण्याच्या, तंबोऱ्याच्या तारा हव्या तेवढ्या. दुकानदार म्हणाला, "पोलादी देऊ का पितळी?"

मी म्हणालो, पितळी! पोलादी गंजतात, आताच अनुभव घेतलाय. जाड-बारीक बघून सहा तारा घेतल्या आणि चढवल्या. जरा ढिल्या ठेवाव्या लागायच्या, पण काय चमकायच्या! उन्हात धरली की सोन्याची गिटार वाटायची. येईल त्याला मी दाखवायचो, बघा, आता ह्या जन्मात गंजत नाहीत.

एकच झालं. गिटार स्टेजवर ऐकू येईना.

घरी कानाशी धरून वाजवली की येई. आवाज मोठा करायच्या मशीनला जोडली की नुसतं घूंऽऽ. सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण शेजारी रफीक बेंजो वाजवायचा. बटणं दाबून वाजवतात तो बेंजो. रफीकचं एसटी स्टँडसमोर रेडिओ दुरुस्तीचं दुकान, त्यामुळं आमची मशीन, भोंगे, सगळं त्याच्याच ताब्यात. त्याचा बेंजो असा कर्कश की ढोलकीसुद्धा दबायची. मी आपला डोळे मिटून, मान हलवून वाजवायचो. लोक माझ्याकडंच बघायचे!

मग आलं पाथरीचं लग्न. मी रंगात आलेलो, आणि पुढच्या रांगेतून एक म्हातारा मोठ्यानं म्हणतो, "ते लाल शर्टवालं पोरगं नुसतं खाजवायलंय की ओ! आवाज कुठाय त्याचा?"

सगळा मांडव हसला. नवरी हसली! भटजींनी सुद्धा हसून घेतलं म्हणे. माझ्या कानशिलातून वाफा निघायला लागल्या.

परत येताना जीपमध्ये अप्पांनी सांगून टाकलं. "काश्या, पुढच्या महिन्यात साखर कारखान्यावर मोळीपूजनाचा कार्यक्रम हाय. डायरेक्टर लोक येणार. तिथं तुझी गिटार वाजली तर वाजली. न्हाई वाजली तर तू घरी बस. रफीकला दोन बेंजो देतो."

दोन बेंजो! म्हणजे माझ्या जागी माणूस नाही, बेंजो!

दुसऱ्या दिवशी रफीकच्या दुकानात गेलो. त्यानं गिटार उघडली. तारांखाली एक डबी असते, तिला पिकअप म्हणतात. तार हलली की ती आवाज उचलते आणि वायरीतून मशीनकडं धाडते. रफीकनं स्क्रू काढायचा लोखंडी पेचकस त्या डबीवर टेकवला. भोंग्यातून टक्क आवाज आला.

"डबी तो जिंदा हाय रे काश्या."

"जिंदा हाय तर बोलत कामून न्हाई?"

"मला काय ठावं? आवाजाला कमजोर असंल."

झालं! कमजोर. माझ्या डोक्यात पक्कं बसलं. पिकअप बदलायचा. आणि असा आणायचा की पाथरीचा तो म्हातारा घरात बसून कानात बोटं घालंल.

हैदराबाद गाठायचं ठरवलं. विद्यापीठाच्या नामांतराच्या भांडणात एसटी कधी बंद होईल नेम नव्हता, म्हणून रेल्वेनं निघालो. सुमन म्हणाली, "अवो, गिटार संगं न्या की. बघून देईल तो."

"गिटारला काय ताप आलाय, दवाखान्यात न्यायला?" मी खेकसलो.

बघा, इथंच माणूस शहाणा असता तर...! पण नाही. शहाणपण तेव्हा रजेवर.

हैदराबादचं दुकान केवढं! पांढऱ्या दाढीचा मालक तक्क्याला टेकून बसलेला. त्यानं कापडावर दोन पिकअप मांडले. एक निमुळता, एक चांगला रुंद, दुप्पट.

"ये बारीक आवाज का है मियाँ, साफ, मीठा. और ये मोटे आवाज का. आपकू कौनसा होना?"

मी दोन्ही हातात घेऊन वजन करून बघितलं. आता मला सांगा, पिकअप काय वजनावर घेतात? पण मी शेतकऱ्याचा पोरगा. बैल घेताना दात बघतो आम्ही. पिकअपला दात नव्हते, म्हणून वजन बघितलं.

"जास्ती जोर किसमें हाय?"

"जोर तो मोटेवाले में. पन आप बजाते क्या? गाने के पीछे बजाते तो ये बारीकवाला अच्छा..."

"जोर होना! पाथरी तक आवाज जाना!"

"पाथरी किधर है?" बिचारा गोंधळला. मग म्हणाला, "गिटार लेको आते तो अच्छा होता. तारां कौनसे डाले आप?"

आता बघा. देवानं त्या दाढीवाल्याच्या तोंडून मला शेवटची संधी दिली होती. आणि मी काय म्हणालो?

"तारां एक नंबर हाय! तारां का तुम मत बोलो! तुम पिकअप का बोलो!"

 म्हाताऱ्यानं मोटा पिकअप बांधून दिला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

रुंद डबी बसवायला मी घरीच गिटारचं लाकूड कोरलं. रफीकनं वायरी डाक देऊन जोडल्या, पेचकस टेकवला. भोंग्यातून धाडकन आवाज आला! पहिल्याच्या दुप्पट! मी रफीकच्या पाठीत एक गुद्दा घातला आनंदानं. वाजवून बघितली का? नाही. तेवढ्यात वीज गेली. आणि कारखान्याचा कार्यक्रम दुसऱ्याच दिवशी.

कारखान्याचं मैदान तुडुंब. उसाच्या गाड्या सोडून लोक येऊन बसलेले. डायरेक्टर खुर्च्यांवर. अप्पांनी मला मधोमध उभं केलं. मी रफीककडं असं बघितलं की, बाळा, आज तुझा बेंजो गेला गोदावरीत.

हात मारला.

घूंऽऽऽ.

परत मारला. घूंऽऽऽ. आधीपेक्षा मोठं घूं, एवढाच काय तो हैदराबादचा फरक!

माझ्या डोळ्यांपुढं लाल झालं. मशीन कुणाच्या ताब्यात? रफीकच्या. वायरी कुणी डाकल्या? रफीकनं. मला काढल्यावर दोन बेंजो कुणाला? रफीकला! सगळा हिशोब एका सेकंदात लागला. मी गाणं चालू असताना त्याची गचांडी धरली.

"वायर काढलीस ना माझी? बोल! माझ्या पोटावर पाय देतोस?"

"अरे पागल झाला का? सोड! लोकं बघायलेत!"

"बघू दे! साऱ्या जिल्ह्याला कळू दे तू किती हरामखोर हायेस ते!"

आणि कळलं की हो जिल्ह्याला! कारण गायकाचा माइक आमच्या दोघांच्या मधोमध होता. माझी गिटार भोंग्यातून कधी गेली नाही, पण माझी एकेक शिवी पार नदीपलीकडं गेली. लोकांना वाटलं हा कॉमेडीचा आयटम आहे. टाळ्या! शिट्ट्या! एक डायरेक्टर तर खुर्चीवरून घसरला हसून. "वन्स मोअर!" म्हणून ओरडलेत साले!

 अप्पांनी नुसतं हात जोडून मला स्टेजवरून खाली जायची खूण केली. त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर बरं.

घरी आलो, ती हैदराबादी डबी गिटारमधून उपसून काढली आणि फेकली चुलीकडच्या कोपऱ्यात. जेवलो नाही. 

सकाळी सुमनची धुसफूस चालू. स्टोव्ह पेटंना, आणि स्टोव्हची पिन सापडंना. भांडी उचलली, पोतं झटकलं, आणि मग ती कोपऱ्यातून माझी डबी घेऊन आली.

"अवो, हे बघा. तुमच्या ह्या डबीनं माझी पिन गिळली."

डबीला स्टोव्हची पिन चिकटलेली. एक सेफ्टी पिन. दोन बारीक खिळे आणि माझं हरवलेलं दाढीचं पातं. म्हणजे डबी लोहचुंबकाची होती तर! मी म्हणालो, अरे वा, तार ओढून घेत असेल ही. आणि डबी नेऊन गिटारच्या तारेला लावली.

चिकटली नाही. दुसऱ्या तारेला लावली. नाही. सहाच्या सहा तारा माझ्या तोंडाकडं बघत नुसत्या चमकत होत्या.

सुमन म्हणाली, "पितळंला कुठं चुंबक चिकटतंय?"

मी अंगावर सदरा चढवला आणि बाहेर पडलो. जी तार चुंबकाला ओळखतच नाही, तिचा आवाज डबी उचलणार कसा!

भजनी सामानाच्या दुकानात जाऊन पोलादी तारा मागितल्या. "आता गंजत न्हाईत का?" तो म्हणाला. मी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं लगेच तारा मोजून दिल्या. मग रफीककडं. माफी मागायची असं घरून ठरवून निघालो होतो. पण तोंडातून काय निघालं? "चल, वायरी जोड गुपचूप!" आणि मग तारांचं सांगितलं. रफीक इतका हसला, इतका हसला, की त्याची बिडी उघड्या रेडिओत पडली. पण जोडून दिली. आणि स्वतः मशीन उचलून माझ्याबरोबर अप्पांच्या दुकानात आला. आता अशा माणसावर धड चिडताही येत नाही हो!

"अप्पा, एक डाव ऐका," मी म्हणालो. "एकच डाव. मग काढा मला."

अप्पांनी धोतरजोड्या बाजूला सारल्या. रफीकनं बटण फिरवलं. मी डोळे मिटले, मान हलवली, आणि पाथरीच्या लग्नात वाजवलेलं तेच गाणं सुरू केलं.

काय आवाज हो! कपाटाच्या काचा थरथरल्या. रस्त्यावरचं गाढव पळालं. सगळं गाणं वाजवलं, शेवटपर्यंत, मनापासून. मीसुद्धा स्वतःला भोंग्यातून पहिल्यांदाच ऐकत होतो. मधे एकदोनदा वाटलं की शेजारी आणखी कुणीतरी दुसरंच गाणं वाजवतंय. पण दुसरं कुणीच नव्हतं.

डोळे उघडले. रफीक खाली बघत होता. अप्पांनी गळ्यातलं लिंग हातात धरलेलं.

"काश्या," अप्पा हळूच म्हणाले, "एवढे दिवस तू हेच वाजवायलास?"

"हां अप्पा. हेच!"

"शिव शिव शिव!"

 मग अप्पा उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघ, गिटार तर आपल्याला लागतीच. लोक बुकिंगला आले की पयलं तेच विचारत्यात, गिटार हाय का म्हणून. आन तू उभाबी झ्याक राहतोस. तुला काढत न्हाई मी."

माझे डोळे भरून आले. "खरंच, अप्पा?"

"खरंच. फकस्त तेवढ्या पितळी तारा परत लाव."

डोकं सणकलं! असं सणकलं की आजही आठवलं तर सणकतं! गिटार उचलली आणि तडक घरी आलो.

काय करता? लावल्या परत. पुढं कितीतरी वर्षं लग्नं गाजवली त्यांच्यावर.

आणि एक सांगू? त्या तारा अजून गंजलेल्या नाहीत.