वहीतली वाट

लीड्सच्या बाहेर एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, टायरच्या गोदामाला लागून, आमच्या म्युझियमचं स्टोअर होतं. प्रदर्शनात न मांडलेल्या वस्तू आणि कागद तिथे ठेवलेले असत. मी तिथे वर्षभराच्या कॉन्ट्रॅक्टवर होते. जुने कागद स्कॅन करायचे, त्यांची नोंद करायची आणि वेबसाइटवर चढवायचे, एवढंच काम. नवरा इथल्या एका हॉस्पिटलच्या आयटीत, त्याच्या व्हिसावर मी आलेली. असं काम मिळालं याचंच मला अप्रूप होतं.

त्या मार्चमध्ये माझ्या टेबलावर एक वही आली. शंभरेक वर्षांपूर्वी, कदाचित त्याहून आधी, कुणी एक इंग्रज प्रवासी अमेरिकेत झुनी लोकांच्या गावात काही महिने राहिला होता. झुनी हे न्यू मेक्सिकोतले मूळ रहिवासी. गोरे लोक तिथे पोचायच्या कितीतरी आधीपासून ते तिथेच शेती करतात. वहीत त्या प्रवाशाने टेकड्यांची आणि झऱ्यांची नावं लिहिली होती, आणि गावापासून पश्चिमेला एका तळ्यापर्यंत जाणारी वाट पेन्सिलने काढली होती. वाटेवर जागोजागी बारीक फुल्या होत्या. त्या कशाच्या, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

मी सगळी पानं स्कॅन केली, वेबसाइटवर ड्राफ्ट म्हणून ठेवली आणि पुढच्या कामाला लागले. काही दिवसांनी ईमेल आला. झुनींपैकी दोघंजण वही बघायला येणार होते, ती ऑनलाइन टाकायच्या आधी. वही आमच्याकडे आहे हे त्यांना कळलं कसं, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही.

माझी मॅनेजर मात्र सावध झाली. ती माणूस म्हणून वाईट नव्हती. वाढदिवसाला सगळ्यांसाठी घरी केक करून आणायची. पण त्या दिवशी तिने मला बाजूला घेतलं.

“ते वही परत मागणार, बघ,” ती म्हणाली. “आपण अजून काहीच ठरवलेलं नाही, असंच सांगायचं. आणि ते जे बोलतील ते लिहून घे. फुल्या कशाच्या ते त्यांनाच माहीत असणार. आपली नोंद किती भरीव होईल!”

“मी लिहून घेतेय, हे त्यांना सांगायचं ना?”

“विचारलं तर सांग.”

मला यात फार काही गैर वाटलं नाही, हे कबूल करायला हवं. माझे वडील जमीन मोजणीच्या खात्यात होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या बांधांवर साखळी धरली. ‘साहेब, ही आमची वहिवाट आहे, आजोबांपासून आम्ही इथूनच जातो,’ असं सांगणारी माणसं आमच्या घरी सकाळी चहाच्या वेळेला यायची, कधी मिठाईचा बॉक्स घेऊन. वडील बॉक्स परत करायचे, आणि दार लावल्यावर आईला म्हणायचे, “खरा जाणारा माणूस कुठून जातो ते पायाने दाखवतो. हा तोंडाने दाखवतोय.” अशा घरात वाढलेली मुलगी लांबून आलेल्या पाहुण्यांकडे कशी बघणार? मला वाटलं, बघू या, काय दाखवतात.

मंगळवारी ते आले. एक सत्तरीच्या आसपासचे गृहस्थ, डोक्यावर टोपी, पायात साधे स्पोर्ट्स शूज. त्यांच्याबरोबर त्यांची भाची, तिशीतली, पाठीवर सॅक. मी ओळख करून दिली. आजोबांनी माझ्याकडे नीट बघितलं.

“तू कुठली?”

“इंडियाची.”

“म्हणजे खरी इंडियन तू,” ते म्हणाले. “आमच्या नावावर उगीच चढवलंय.” ते हसले, मीही हसले. भाची हसली नाही.

रीडिंग रूममध्ये पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. बॅगा लॉकरमध्ये ठेवायच्या. कागद परत घेताना मी पाहुण्यांसमोर पानं मोजायची, असा नियम होता. मी वही फोमच्या उशीवर ठेवली आणि समोरच्या टेबलाशी बसले. आजोबा अगदी सावकाश पानं उलटत होते. दोघं आपापसात त्यांच्या भाषेत बोलत. मला एक अक्षर कळत नव्हतं, आणि जे कळत नाही ते आपल्याबद्दलच आहे असं वाटतंच. मी कान देऊन होते. मधूनच आजोबा एखादं वाक्य इंग्रजीत बोलून जात, ते मी टिपून घेत होते. एकदा मी भिंग द्यायला उठले, तर भाचीने चटकन उघड्या पानावर कोरा कागद ठेवला. ते पान मीच स्कॅन केलेलं होतं! मला राग आला.

बारा वाजता मी वही परत घेतली आणि मोजायला लागले.

“आमच्यासमोर मोजताय?” भाचीने विचारलं.

“नियम आहे.”

“मोजा,” ती म्हणाली. “आम्हीही मोजलीत.”

स्टोअरच्या आसपास जेवायला काहीच नव्हतं, पेट्रोल पंपावरचं सँडविच तेवढं मिळे. ते दोघं तेच आणून स्टाफरूममध्ये बसले होते. माझ्या डब्यात थालीपीठ होतं. समोर बसून एकटीने कसं खायचं? मी अर्धं आजोबांपुढे केलं. त्यांनी वास घेतला, तुकडा मोडला, आणि “मिरची आहे,” असं समाधानाने म्हणाले. मग मी विचारलं, तुम्ही एवढ्या लांबून एका वहीसाठी का आलात?

“ही वाट बघितलीस ना वहीत?” ते म्हणाले. “चार वर्षांतून एकदा, उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाच्या सुमाराला, आमची माणसं त्या वाटेने तळ्याकडे जातात. आमचे पूर्वज तिथे आहेत. मध्ये बाकीच्यांच्या जमिनी झाल्या, कुंपणं आली, तरी आम्ही जातच होतो. मग एकाने अडवलं. माझ्या जमिनीवरून नाही, म्हणाला. मी तेव्हा तिशीत होतो. प्रकरण कोर्टात गेलं.”

“आणि कोर्टात काय दाखवलंत?” माझ्या तोंडून वडीलच बोलले.

आजोबांनी भाचीकडे बघितलं. तिने खांदे उडवले.

“तीच तर पंचाईत. माझे मामा साक्षीला जाणार होते. तिथे काय करता, कुठे थांबता, सगळं सांगितलं तर ते आमचं राहत नाही. काहीच नाही सांगितलं तर वाट जाते. घरात कितीतरी दिवस हाच विषय. शेवटी मामांनी ठरवलं, पाय कुठे पडतात तेवढं सांगायचं. तिथे काय करतो ते नाही सांगायचं.”

“मग?”

“जज्ज म्हणाले, हे लोक उघडपणे जातात, आजूबाजूच्या सगळ्यांना ते माहीत आहे, एकाच वाटेने जातात. जाऊ द्या. ठरावीक दिवस, ठरावीक रुंदी.” त्यांनी दोन्ही हात टेबलावर समांतर धरले. “आमची बाकीची जमीन? ती कशी गेली ते दुसऱ्या कोर्टात सांगून झालं. नकाशे काढले, खुणा दाखवायला म्हातारी माणसं गाड्यांतून फिरवली. तिची भरपाई मिळाली. जमीन ती जमीनच, ती काही परत आली नाही.”

मग त्यांनी एकदम विचारलं, “तू सकाळपासून काय लिहितेयस?”

“कागदांच्या अवस्थेची नोंद,” मी म्हणाले. “कुठे फाटलंय, कुठे डाग आहेत.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मी डबा बंद केला, झाकण नीट बसेना.

दुपारी ते एका पानाशी बराच वेळ थांबले. बोट पानाला न लावता वर धरून म्हणाले, “हे चुकीचं आहे. आमच्या माणसांनी त्याला चुकीचं सांगितलेलं दिसतंय.”

“कुठे चुकलंय?” माझी पेन्सिल तयार होती.

“ते मी सांगणार नाही.”

खरंच चुकीचं असेल, किंवा वहीची किंमत कमी करायला म्हणत असतील. मी दोन्ही शक्यता लिहून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रेकफास्टच्या आधी मी वडिलांना फोन केला आणि सगळं सांगितलं. ते लगेच खुर्चीत सरसावून बसले असणार.

“चार वर्षांतून एकदा? मी तर मान्यच केली नसती वहिवाट,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “शेजारच्या जमिनीवाल्यांनी काय साक्ष दिली? ते खरं. ते विचार.” आणि फोन ठेवता ठेवता, “तुमच्या ऑफिसने त्यांना काय कबूल केलंय, ते कागदावर आहे का?”

कागदावर काहीच नव्हतं. बसमध्ये मला ते डाचायला लागलं. मी फोनवर सहज आमच्या वेबसाइटवर वहीचं नाव टाकलं. ड्राफ्ट ऑफिसबाहेरून दिसत नाहीत, अशी माझी समजूत होती. वही उघडली. सगळी पानं, वाट, फुल्या, मोठं करून बघायच्या सोयीसकट. मी नवऱ्याला लिंक पाठवून विचारलं, तुला दिसतंय का? त्यालाही दिसत होतं.

मॅनेजरला विचारलं तर ती स्क्रीनकडे बघतच म्हणाली, “टेस्टिंगसाठी उघडं ठेवलं होतं. राहून गेलं असेल. कोण बघतंय?”

“त्यांना आपण सांगितलंय की अजून काही ठरलेलं नाही.”

“आणि ठरलेलं नाहीच आहे,” ती म्हणाली. “तू त्याची काळजी करू नकोस.”

खरंच राहून गेलं होतं की मुद्दाम, हे मला आजही माहीत नाही. तिच्या आवाजात घाईही नव्हती आणि शरमही नव्हती.

दहा वाजता ते दोघं आले. आजोबा टोपी काढून बसले, भाचीने पेन्सिल घेतली. मी वही आणलीच नाही. त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि सांगून टाकलं: पानं ऑनलाइन आहेत, मीच चढवलीत, कुणालाही दिसतात. आणि काल मी खोटं बोलले. मी डाग नव्हते लिहीत.

भाचीने आजोबांकडे बघितलं. मग ती पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलली.

“आम्हाला माहीत आहे. मला घरीच सापडली होती, माझ्या लॅपटॉपवर. म्हणून तर आलो. त्या फुल्या बघून कुणीही फावडं घेऊन तिथे जुन्या वस्तू उकरायला जाऊ शकतं.”

“मग काल बोलला का नाहीत?”

“कोण सांगतं ते बघायचं होतं.”

मला बरं वाटायला हवं होतं. पण मला परीक्षेला बसवल्यासारखं वाटलं, आणि काल दिवसभर मी त्यांना बसवलं होतं हेही त्याच क्षणी कळलं. थालीपीठ खातानासुद्धा ते मला जोखत होते. मीही.

आजोबांनी हात पुढे केला. “तुझे कागद दे.”

मी नोट्सचे चार कागद त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली. खोडरबर मागितलं. काही ओळी अगदी हळूहळू पुसल्या, पोरांच्या वहीतलं चुकलेलं गणित पुसावं तशा, आणि वरची भुकटी फुंकून टाकली. जिथे त्यांनी पान चुकीचं असल्याचं म्हटलं होतं, ती ओळ तशीच राहू दिली. त्याखालची माझी शंकाही राहू दिली.

“हे दे तिला,” ते म्हणाले.

मी तेच कागद मॅनेजरला दिले. तिने ते उजेडात धरून बघितले, पण काही विचारलं नाही.

त्याच दुपारी भाचीने रीतसर पत्र दिलं. नंतर बरीच पत्रं आली-गेली, वकिलांचीही. वही परत गेली नाही. पण उन्हाळा संपेपर्यंत वाटेची पानं वेबसाइटवरून निघाली, आणि झुनींच्या परवानगीशिवाय ती कुणाला दाखवायची नाहीत असं लेखी ठरलं. मधल्या काळात ती किती जणांनी उतरवून घेतली, कुणास ठाऊक.

माझं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं नाही. फंडिंग नाही, असं कारण सांगितलं. खरंही असेल, कारण आणखी एकालाही जावं लागलं. शेवटच्या दिवशी मी पास परत करायला गेले तेव्हा मॅनेजरने केकचा तुकडा डब्यात घालून दिला. मग दार लोटून म्हणाली, “एक विचारू? तू सांगितलंस का त्यांना, पानं ऑनलाइन आहेत म्हणून?”

“त्यांना आधीच माहीत होतं.”

“मी ते नाही विचारलं.”

“हो,” मी म्हणाले, “मी सांगितलं.”

तिने पास ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवर बंद केला. मी केक घेऊन बसस्टॉपकडे निघाले.