सगळ्यांचे एकच मत

वर्गात संगणक बसवावेत का, यावर आमच्या सोलापूरच्या शाळेत मुख्याध्यापकांनी प्रत्येक शिक्षकाचे लेखी मत मागवले. ‘मुलांचे लक्ष विचलित होईल,’ असे मी लिहिले. खरे तर मला संगणक सुरूही करता येत नव्हता आणि नववीच्या मुलांपुढे ते उघड होण्याची भीती होती. मी सर्वांत ज्येष्ठ, त्यामुळे स्टाफरूममध्ये माझाच कागद पाहून सर्वांनी आपापले मत लिहिले. स्वतःचा लॅपटॉप आणून पेशीविभाजन दाखवणाऱ्या विज्ञानाच्या तरुण बाईंनीही.

“तुम्ही तरी वेगळे लिहायचे,” मी म्हणालो.

“तुमच्याविरुद्ध लिहून कुठं जाऊ, सर? तुमचंच उतरवलं की,” त्या हसल्या.

संगणक आले नाहीत. बाईंनी लॅपटॉप आणणेही सोडले. त्या फळ्यावर पेशीची आकृती काढताना दिसल्या, की मी मान खाली घालून पुढे जातो.