तीन पेडलं आणि एक लाल दोरा

टेंभुर्णीच्या भागवतला ओळखणारे लोक दोन प्रकारचे. काहींना तो मिरचीचं बियाणं करणारा शेडनेटवाला म्हणून माहीत, तर चाळिशी ओलांडलेल्यांना ऑर्केस्ट्रातला गिटारवाला म्हणून. या दुसऱ्या लोकांना तो हल्ली टाळायचा. ते भेटले की हटकून विचारायचे, "मंग, वाजवतो का न्हाई आता?" आणि विचारता विचारता त्यांची नजर त्याच्या डाव्या हातावर जायची.

तीन वर्षांपूर्वी सोयाबीनच्या मळणीयंत्रात त्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अर्ध्यावर गेलं. ऑर्केस्ट्रा तोवर डीजेपुढे बंद पडलाच होता, त्यामुळे गावाचं काही अडलं नाही. भागवतची शेती चालली, मोटारसायकल चालली. फक्त गिटार कव्हरात घालून कपाटावर गेली. ज्या झपाट्याच्या तुकड्यांसाठी लोक त्याला शिट्ट्या मारायचे, ते दोन बोटांत बसत नव्हते. दैवशालाने, म्हणजे त्याच्या बायकोने, दोनदा त्या कव्हरावरची धूळ झटकली. दोन्ही वेळा तो चहा अर्धा टाकून बाहेर निघून गेला. मग तिने झटकणं सोडलं.

पुढचं सगळं मोबाइलमुळे झालं. शेडनेटमध्ये बाया काम करताना मोबाइलवर गाणी लावतात. एका दुपारी गाणं संपलं आणि मोबाइलने आपल्याच मनाने कुठल्यातरी परदेशी माणसाची गिटार सुरू केली. हा गडी तीन सूर पाच मिनिटं पुरवत होता! एक सूर सोडायचा, तो धुक्यासारखा पसरेपर्यंत स्वस्थ बसायचं, मग दुसरा. बायांनी "ह्ये काय रडगाणं" म्हणून बदलायला लावलं. भागवतने मात्र नाव लिहून घेतलं. अँबियंट म्हणतात या प्रकाराला, आणि तो माणूस पायाशी ठेवलेल्या छोट्या छोट्या डब्यांवर, पेडलांवर, ते सूर लांबवतो, हे त्याने रात्रीतून शोधून काढलं. एवढं तर आपल्या हातालाही जमेल, असं त्याला वाटलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो जाफराबादला लतीफच्या दुकानात गेला. लतीफ पूर्वी त्याच ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायचा, आता बसस्टँडजवळ अॅम्प्लिफायर आणि मिक्सर दुरुस्त करतो. दर शनिवारी दुकान बंद केलं की तो आणि जुना कीबोर्डवाला बद्रीनाथ आत बसून वाजवतात. भागवतला त्यांनी दोनदा बोलावलं होतं. दोन्ही वेळा भागवतला नेमकं काम निघालं होतं.

"लतीफभाई, सूर लांबवायचं काही भेटंल का?" त्याने विचारलं. डावा हात पँटच्या खिशात होता.

लतीफने एका मोडलेल्या बँडच्या मालातून तीन पेडलं काढून काउंटरवर मांडली. डिले, रिव्हर्ब आणि व्हॉल्यूम.

"यातलं सगळ्यात भारी कोणतं?"

"भारी-हलकं काही नसतं. तुझ्या कानाला जे बराबर वाटंल ते ठेव, बाकीचं आणून दे," लतीफ म्हणाला. "पण एका टायमाला एकच जोड. तिन्ही एकदम लावशील तर काय कशानं वाजून राह्यलं ते कळणार न्हाई."

हे भागवतला एकदम पटलं. बियाण्याच्या धंद्यात हीच रीत. नवं वाण आलं की ते कोणी अख्ख्या शेडनेटमध्ये लावत नाही. एक ओळ लावायची, चिठ्ठी बांधायची, आणि शेजारी जुन्या वाणाची ओळ ठेवायची, म्हणजे फरक डोळ्याला दिसतो. त्याने पेडलांना चिठ्ठ्या लावल्या आणि प्रत्येकाला आठ दिवस दिले. रोज आधी नुसती गिटार वाजवायची, ती जुनी ओळ. मग पेडल.

पण इथे त्याने लबाडी केली. नुसत्या गिटारीत त्याची दोन बोटं आणि दोन थोटकं तारांवर चाचपडताना साफ ऐकू यायची. ते त्याला सहन होत नव्हतं. अर्ध्या मिनिटात तो घाईघाईने पेडल दाबायचा.

डिलेवर तर तो खूश झाला. तार एकदा छेडली की तोच सूर चार-पाच वेळा, दर वेळी थोडा दमून, परत येतो. दोन बोटांची सहा बोटं झाल्यासारखी वाटतात. रिव्हर्ब साधं. देवळाच्या सभामंडपात टाळी वाजवली की ती छताखाली फिरत राहते, तसं त्याचं काम. व्हॉल्यूमचं पेडल पायाने हळूहळू दाबत न्यायचं, म्हणजे तार छेडल्याचा टक् आवाज लपतो आणि सूर आपोआप उगवल्यासारखा येतो. भागवतने वहीत लिहिलं: "डिले – उत्तम, ठेवणे. रिव्हर्ब – ठीक. व्हॉल्यूम – पाय दुखतो." तिन्ही एकत्र लावल्यावर तर बोटं कुठे ऐकूच येईनात. त्याला हायसं वाटलं.

दैवशाला दाराआडून महिनाभर ऐकत होती. ती परस्पर एक काम करून बसली.

"क्रॉसिंग संपायच्या जेवणाला तुम्ही वाजवणार म्हणून मी बायांना सांगितलंय," एका सकाळी ती म्हणाली.

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर न्हाई म्हणले असते. म्हणून न्हाई विचारलं."

मिरचीचं क्रॉसिंग म्हणजे दीड-दोन महिन्यांचं बारीक काम. संध्याकाळी कळीतलं नर केसर चिमट्याने काढायचं, सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा आणि देठाला लाल दोरा बांधायचा. दोरा असलेलं फळच बियाण्याला चालतं. बिनदोऱ्याचं कितीही टपोरं असलं तरी तोडून फेकायचं. शेवटच्या दिवशी भागवतच्या शेतावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बायांना वरण-बट्टीचं जेवण असतं, आणि पूर्वी जेवणानंतर तो गिटार वाजवायचा. गेली तीन वर्षं नुसतंच जेवण झालं होतं.

नोव्हेंबरच्या त्या दुपारी ताटं उचलली गेली आणि बावीस बाया भिंतीला टेकून बसल्या. भागवत स्टुलावर बसला. बसला म्हणजे कसा, तर डावा हात समोरच्या रिकाम्या भिंतीकडे आणि पाठ अर्धी लोकांकडे. पायाशी तिन्ही पेडलं. पहिला सूर उगवला, तो फिरला, परत आला, पुन्हा आला. दुसरा सोडला. चांगली पाच मिनिटं गेली.

मागच्या बाजूने एकीने अगदी मनापासून विचारलं, "भाऊ, टेस्टिंग झाली का? सुरू कवा करता?"

बाया हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं, पण भागवतचे कान तापले. आता उठावं आणि वायरी गुंडाळाव्यात, आणि गिटार पुन्हा कपाटावर ठेवावी ती कायमची, असं त्याच्या मनाने घेतलं. दैवशाला दाराशी रिकामं पातेलं धरून उभी होती. तिला ते कळलं.

तेवढ्यात तुळजाबाईने गाणं धरलं. तुळजाबाई या बायांची म्होरकी, साठी उलटलेली. गाणं माहेरचं, चाल तिची स्वतःची, आणि दम लागेल तिथे थांबायचं हा नियमही तिचा स्वतःचा. भागवतने सवयीने सूर दिला. पण डिले पडलं यंत्र. त्याला ठरलेल्या वेळेला परत यायचंच. तुळजाबाई ओळीच्या मध्यावर असतानाच मागचा सूर येऊन धडकला. ती अडखळली. पुन्हा धरलं, पुन्हा अडखळली.

"भागवता," ती थांबून म्हणाली, "तुझं मशीन मला मधीच तोडून राह्यलं. तू सोबत कर की, घाई काह्यची?"

भागवतने क्षणभर पायाकडे पाहिलं आणि डिले बंद केलं. उरलं रिव्हर्ब आणि ते पाय दुखवणारं व्हॉल्यूम. आता ती कुठे थांबेल आणि कुठे उचलेल, हे कोण सांगणार? ते तिच्या तोंडाकडे बघूनच कळणार होतं. म्हणून तो स्टुलावर वळला, आणि वळल्यावर डावा हात अर्थातच सगळ्यांसमोर आला.

तिचा सूर शोधताना बोट तारेवर घसरलं. कर्र असा आवाज शेडभर ऐकू गेला. दुसऱ्या खेपेला सूर सापडला. त्याने तो पायाने हळूच वर आणला आणि तिच्या आवाजाखाली धरून ठेवला. ती थांबली की तोही उतरवायचा, तिने दम घेतला की पुन्हा चढवायचा. एक बोट, एक तार. तिसऱ्या कडव्याला बाकीच्या बायांनी झेलून धरलं आणि भागवतला आपल्या हाताचा विसर पडला. गाणं बरंच चाललं. दैवशालाने पातेलं खाली ठेवलं आणि पदराने डोळे पुसले.

निघताना बाया उरलेले दोरे टोपलीत टाकत होत्या. तुळजाबाईने टाकला नाही. ती भागवतजवळ आली, त्याचा डावा हात ओढून घेतला आणि अर्ध्या बोटाला लाल दोऱ्याची गाठ मारली. दोन महिने ती हजारो देठांना मारत आली होती, तीच गाठ.

"बिनदोऱ्याचं फळ तू फेकून देतो न्हाई का?" ती म्हणाली. "मंग ह्यो काढणीपत्तोर सोडू नको."

भागवतने मान हलवली.

दोन दिवसांनी तो लतीफच्या दुकानात गेला आणि डिलेचं पेडल परत काउंटरवर ठेवलं.

"अरे, लोक हेच मागतात अन् तू हेच परत करून राह्यला?"

"ते तुळजाबाईला मधी तोडतं."

लतीफला यातलं काही कळलं नाही. त्याने पेडल खोक्यात टाकलं, आणि मग त्याला काउंटरवर टेकलेला हात आणि त्यावरचा दोरा दिसला. "अन् हे काय?"

"काढणीपत्तोर सोडायचा न्हाई म्हणली."

"काढणी कवा?"

"दीड महिना हाय अजून." भागवतने हात तिथेच राहू दिला. "शनिवारी कवा बसता तुम्ही?"

"सातला शटर ओढतो," लतीफ म्हणाला, आणि उगाच एक स्क्रू उचलून पाहिल्यासारखं करत त्याने विचारलं, "गिटार आणशील ना?"

"आणतो," भागवत म्हणाला.