‘मीच घेतलं असेल’

पोलिसाच्या नोकरीत चोरीच्या कबुल्या पुष्कळ ऐकल्या, पण जुन्या हुबळीतल्या त्या सुनेची कबुली अजून विसरलेलो नाही.

दिवाळी नुकतीच सरली होती. लक्ष्मीपूजनात कलशाला साडी नेसवून वर घातलेलं सोन्याचं गंठण गायब झाल्याची तक्रार सासूबाईंनी दिली. शेजारणीकडून खबर मिळाली, सुनेनं ते भावाकडे पोचवलं. भावाचं घर तपासलं. काही नाही.

मग सुनेला नवऱ्यासोबत ठाण्यात बोलावलं. चेहरा सुजट, आवाज घोगरा. भर दुपारी आम्ही घामाघूम, आणि ती शाल लपेटून.

“साहेब, पंखा बंद कराल?”

“गंठण तुम्ही घेतलंत?”

बराच वेळ ती टेबलाकडे बघत राहिली. “घेतलं असेल. मीच घेतलं असेल.”

“कुठं ठेवलंत?”

“आठवत नाही.”

नवरा वैतागला. “असंच करते साहेब. दूध उतू जातं, ही बघत बसते. दिवसभर झोप, नाहीतर रडणं. अम्मा म्हणते, सोंग आहे. गंठण मिळालं नाही तर हिला माहेरी पाठवायचं, पोरं आमच्याकडं ठेवायची, असं ठरलंय.”

पोरांचं नाव निघताच तिचे डोळे भरले. विरोध मात्र केला नाही.

खोटं बोलणाऱ्याजवळ उत्तर तयार असतं. हिला स्वतःचं वय सांगायलाही वेळ लागत होता. अटक दाखवण्याआधी तिला सरकारी दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरबाईंनी गळा चाचपला, रक्त तपासलं. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “थायरॉईड फार मंदावलंय. उपचारच झालेले नाहीत. अशानं विसर पडतो, मन खचतं. आत्ता कसलाही दोष द्या, ती मान्य करेल. गोळ्यांनी हळूहळू सुधारेल.”

मी चौकशीची पद्धत बदलली. महिला हवालदारासह तिच्या घरी गेलो, तिला देवघरापुढे बसवलं. चोरीचा विषय काढलाच नाही.

“पूजा उतरवताना आधी काय उचललंत?”

“नारळ.”

“मग?”

“लक्ष्मीचा मुखवटा. मग...” तिचे हात हवेतच घडी घालू लागले. “साडी. पिना काढायचं त्राण नव्हतं. तशीच गुंडाळली.”

“ती साडी कुठं आहे?”

सासूबाई चपापल्या. “लक्ष्मीची साडी लेकीला द्यायची रीत आहे आमची. अळणावरला, तिच्या सासरी पाठवली की!”

लेकीला फोन लावला. साडी अजून तिच्या पेटीतच होती. ती उलगडताना फोनवरूनच ओरडली, “अय्यो अम्मा, गंठण हितं पिनेला अडकलंय!”

सासूबाई सुनेकडे न बघता मला म्हणाल्या, “ती गोळी सकाळी द्यायची का जेवल्यावर?”

“सकाळी उठल्यावर, रिकाम्या पोटी.”

“मी देते.”

काही महिन्यांनी सुभाष रोडवर ती दिसली, धाकट्याचा हात धरून, कापडवाल्याशी कन्नडमध्ये तावातावानं घासाघीस करताना. मला ओळखून थांबली. “साहेब, मी घेतलं नव्हतं हो. पण तेवढं म्हणायचीही ताकद नव्हती तेव्हा.”

त्यानंतर सहज मिळालेल्या कबुलीनं मी कधी सुखावलो नाही. समोरच्या माणसात ‘नाही’ म्हणण्याइतकं बळ आहे का, ते आधी पाहू लागलो.